आधी मोडणारे पार्ट: मिक्सर, कुकर, गिझर, हेल्मेट आणि गाडीत काय मुद्दाम कमजोर ठेवलेलं असतं आणि त्याचं काय करायचं

गौरी जेवणाच्या दिवशी सकाळी साडेनऊला आमचा मिक्सर बंद पडला. पुरण वाटत होतो, डाळ जरा कोरडीच झाली होती, भांडं गच्च भरलेलं, मिक्सरने एकदा घुंऽऽ केलं आणि गप्प. ना वास, ना धूर, ना ठिणगी. आईने प्लग दुसऱ्या सॉकेटला लावून बघितला, मी वायर हलवून बघितली, बाबा तर नवीन मिक्सर आणायला चपला घालून तयार, तेवढ्यात शेजारच्या काकू पुरणयंत्र द्यायला आल्या आणि त्यांनी काय केलं तर प्लग काढला, जार उतरवला, आम्हाला दहा मिनिटं गप्प बसवलं, मग मिक्सर उलटा करून खालचं लाल बटण दाबलं. "अर्धं पुरण काढ गं त्यातलं, आणि थोडं थोडं वाट." झाला सुरू. सात वर्षं तो मिक्सर आमच्या ओट्यावर होता आणि ते बटण आमच्यापैकी कुणीच कधी बघितलेलं नव्हतं.

तेव्हापासून मला सवयच लागली, घरातली कुठलीही वस्तू असो, हिच्यात आधी काय मोडणार हे शोधायची. कारण असा एक भाग बहुतेक वस्तूंमध्ये असतोच, बनवणाऱ्याने मुद्दाम कमजोर ठेवलेला, म्हणजे गडबड झाली की तो जातो आणि महागातली मोटर, टाकी किंवा माणूस वाचतो. आपण मात्र त्याला बिघाड समजतो आणि एकतर वस्तू फेकतो नाहीतर त्या भागावरच काहीतरी जुगाड करतो. हा जुगाड खरंच धोक्याचा असतो आणि तो होऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

आधी मिक्सरचं पूर्ण करू. ते बटण ओव्हरलोडचं. जारमध्ये माल घट्ट झाला की मोटरला फिरायला जड जातं, ती जास्त करंट ओढते, तापते, आणि आतलं वाइंडिंग, म्हणजे मोटरवर गुंडाळलेली तार, जळायच्या आत ते बटण सर्किट तोडून बाहेर येतं. म्हणून मिक्सर अचानक गप्प झाला तर नॉब शून्यावर आणा, प्लग काढा, जार उतरवा, आणि दहा-पंधरा मिनिटं खरंच थांबा, पाहुणे दारात आलेले असले तरी थांबा, कारण मोटर गरम असताना बटण परत बाहेरच येतं. मग बटण आत दाबा, जारमधला निम्मा माल काढा, आणि सलग फिरवण्यापेक्षा थांबत थांबत फिरवा. नॉब शून्यावर आणायला विसरू नका, नाहीतर प्लग लावल्या लावल्या मिक्सर स्वतःच सुरू होतो आणि तुमचा हात तिथेच असतो. आणि रिकामा जार लावूनसुद्धा बटण परत परत उडत असेल तर मग ते मोटरचं किंवा बेअरिंगचं काम, तिथे दुरुस्तीवालाच लागतो.

मिक्सरमध्ये दुसरा असाच भाग म्हणजे कपलर, जारच्या बुडाला आणि मोटरच्या डोक्यावर जी दातेरी चकती असते ती. मोटर लोखंडाची, पातं स्टीलचं, मग मधलाच तुकडा प्लास्टिक-रबराचा का असं मला नेहमी वाटायचं, कंजूषपणा वाटायचा. पण पात्यात सुपारीचं खांड किंवा हळकुंड अडकलं आणि पातं जागच्या जागी थांबलं तर त्या झटक्यात काहीतरी तुटणारच, आणि मग मोटरचा दांडा वाकण्यापेक्षा कपलरचे दात झिजलेले बरे. मोटर फिरतेय, आवाज येतोय पण पातं फिरत नाही किंवा कट्कट् वाजतंय, जळक्या रबराचा वास येतोय, याचा अर्थ कपलर गेला, मिक्सर नाही. बदलणं घरी होतं. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा, मोटरवरचा कपलर आटे असलेला असेल तर तो मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने फिरवला की सुटतो, कारण आटे असे दिलेले असतात की मोटर चालताना तो अजून घट्ट बसावा. नेहमीच्या सवयीने उलट्या दिशेला जोर लावला की तो हातात तुकडे होऊन येतो. खालून दांडा स्क्रू ड्रायव्हरने धरायचा आणि वरून कपलर फिरवायचा. आपल्याकडचं वाटण हे मोटरसाठी मुळातच अवघड काम आहे, १९६० च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर या इंजिनिअरने सुमीत मिक्सर बनवला तोच मुळी परदेशी मिक्सर आपलं ओलं-सुकं वाटण पेलत नव्हते म्हणून.

आता कुकर. कुकरमध्ये वाफेला बाहेर पडायचे रस्ते एकापुढे एक ठेवलेले असतात आणि आपल्याला त्यातला पहिलाच माहीत असतो, शिट्टी. शिट्टी म्हणजे साधं वजन आहे, नळीवर बसलेलं. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर वाढला की तो ते वजन उचलतो, वाफ सुटते, वजन परत खाली बसतं. त्या दाबाला पाणी १०० ऐवजी १२० डिग्रीच्या आसपास उकळतं म्हणून डाळ पटकन शिजते. पण समजा नळीत तुरीच्या डाळीचं साल अडकलं, किंवा पाणी घालायला विसरलो आणि ते आटून गेलं, तर? त्यासाठी झाकणावर शिट्टीच्या शेजारी ते छोटं गोल बटणासारखं असतं, सेफ्टी व्हॉल्व्ह. जवळून बघा, त्याच्या मधोमध राखाडी धातूचा ठिपका दिसेल. तो लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूचा असतो. आतलं तापमान ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलं की एवढासा ठिपका वितळतो आणि सगळी वाफ फुस्स करून तिथून निघते. स्वयंपाकघरात घाबरगुंडी उडते, छतावर डाळ जाते, पण कुकर फुटत नाही. काही बाहेरच्या झाकणाच्या कुकरना झाकणाच्या कडेला एक छोटी खिडकी कापलेली असते, दाब फारच वाढला तर गॅस्केट त्या खिडकीतून बाहेर ढकललं जातं आणि वाफेला आणखी एक वाट मिळते. ती खिडकी पत्रा तुटलाय म्हणून नाही, मुद्दाम आहे.

हे सगळं कळल्यावर रोज काय करायचं तर एकच, झाकण लावायच्या आधी ते उजेडाकडे धरून नळीतून आरपार बघा. उजेड दिसला तर लावा, नाही दिसला तर सुई घालून साफ करा. तीन सेकंद लागतात. डाळ किंवा फेस येणारं काही असेल तर निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. बराच वेळ झाला आणि शिट्टीच होत नाहीये असं वाटलं तर शिट्टी चमच्याने उचलत बसू नका, गॅस बंद करा आणि कुकर थंड होऊ द्या. आणि व्हॉल्व्ह उडालाच तर त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा नवीन आणून बसवा, खालून नट असतो, पान्याने आवळता येतो. त्या भोकात एम-सील भरून, कणीक लावून, साधा बोल्ट आवळून कुकर वापरणारी घरं मी बघितली आहेत आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा आलाय, कारण त्या कुकरला आता नळी तुंबली की फुटण्याशिवाय दुसरा रस्ताच राहिलेला नाही. १६७९ मध्ये दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने वाफेचं बंद भांडं बनवलं तेव्हाच ही अडचण पुढे आली होती आणि त्यावर वजनाचा सेफ्टी व्हॉल्व्ह बसवला तोही त्यानेच. आपण एम-सील लावून साडेतीनशे वर्षं मागे कशाला जायचं?

गिझरबद्दल तर सगळ्यात जास्त गैरसमज. "गिझर गळतोय" असं म्हणून लोक प्लंबर बोलावतात आणि तो प्लंबर कधी कधी येऊन खालच्या व्हॉल्व्हला चक्क बूच मारून जातो. पहिलं बघा पाणी नक्की कुठून येतंय. टाकीच्या बुडातून, जोडातून येत असेल तर गळती. पण थंड पाण्याच्या पाइपवर जो छोटा पितळी व्हॉल्व्ह असतो त्याच्या तोंडातून, आणि तेही फक्त गिझर चालू असताना थेंब थेंब पडत असेल तर ते बरोबर चाललंय. गरम झालं की पाणी फुगतं, २५ लिटरच्या टाकीतलं पाणी २५ वरून ६५ डिग्रीला गेलं की त्याला जवळजवळ ४०० मिली जास्त जागा लागते, म्हणजे दोन पेले. मागे पाइपात परत जायला व्हॉल्व्ह देत नाही, नळ बंद आहे, मग ते पाणी जाणार कुठे? म्हणून थेंब. त्याखाली बारीक नळी जोडून ती बाथरूमच्या जाळीपर्यंत सोडा, बूच कधीच मारू नका. गिझर बंद असतानाही धार लागलेली असेल तर मात्र व्हॉल्व्ह खराब किंवा वरून प्रेशर जास्त, तेव्हा बदला.

गिझरच्या आत अजून एक कांडी असते, मॅग्नेशियमची, तिला अॅनोड रॉड म्हणतात. तिचं काम एकच, टाकीच्या लोखंडाऐवजी स्वतः झिजणं. पाण्यातले क्षार कुणाला तरी खाणारच, मॅग्नेशियम आधी खाल्लं जातं. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर ती कांडी लवकर संपते आणि मग टाकीची पाळी येते. म्हणून सर्व्हिसिंगवाला आला की त्याला मुद्दाम विचारा, "रॉड काढून दाखवा." पेन्सिलीएवढी बारीक झाली असेल तर बदलून घ्या. आम्ही हे विचारलं नव्हतं, पाच वर्षांत टाकीला भोक पडलं, नंतर मेकॅनिकने रॉडच्या जागी उरलेली नुसती तार काढून दाखवली.

आता भिंतीवरच्या बोर्डाकडे. जुन्या घरांमध्ये पांढऱ्या चिनीमातीचे फ्यूज असायचे, त्यात बारीक तार. तार जळाली की घरातला मोठा माणूस मेणबत्ती धरून जाड तांब्याची तार घालायचा आणि म्हणायचा, "आता जाणार नाही." जाणार नाही हे खरंच, पुढच्या वेळी भिंतीतली वायर जळणार. एमसीबीचंही, म्हणजे हल्ली फ्यूजच्या जागी असतो त्या आपोआप पडणाऱ्या स्विचचंही, तेच आहे. त्यावर सी १०, सी १६, सी ३२ असं लिहिलेलं असतं, त्यातला आकडा म्हणजे किती अँपिअर सलग चालतील तो. हा आकडा तुमच्या उपकरणावरून नाही, भिंतीतल्या वायरच्या जाडीवरून ठरलेला असतो. त्यामुळे एसी लावल्यावर एमसीबी पडायला लागला म्हणून १६ काढून ३२ चा टाकू नका, आधी वायर जाड करायची मग एमसीबी. हिशोब सोपा आहे, उपकरणावर लिहिलेले वॅट भागिले २३०. गिझर २००० वॅटचा, म्हणजे पावणेनऊ अँपिअर, म्हणजे ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटवर तो कधीच लावायचा नाही, मग त्यासाठी कुठलाही कन्व्हर्टर प्लग मिळत असला तरी.

बोर्डात एक रुंद स्विच असतो, ज्यावर 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं छोटं बटण असतं, तो आरसीसीबी, इलेक्ट्रिशियन लोक अजून ईएलसीबीच म्हणतात. एमसीबी वायर वाचवतो, हा माणूस वाचवतो. तो बघत असतो की फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला तरी, म्हणजे तेवढा करंट कुणाच्या अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत जातोय असं दिसलं तरी, तो पडतो. ते टेस्टचं बटण दर महिन्याला दाबा, कॉम्प्युटर वगैरे आधी बंद करून. खट् करून घर बंद झालं पाहिजे. नाही झालं तर तो नुसता शोभेला आहे, त्याच दिवशी इलेक्ट्रिशियन बोलवा.

आणि पावसाळ्यात तो सारखा पडायला लागला तर घाबरून त्याला बायपास करून घेऊ नका. सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एक एक एमसीबी वर करत जा. ज्याला तो पडेल ती लाइन. मग त्या लाइनवरचे सगळे प्लग काढा आणि परत एक एक लावा. आमच्याकडे गच्चीवरचा दिवा निघाला, होल्डरमध्ये पाणी गेलं होतं, शेजारी गिझरची कॉइल निघाली. जाता जाता प्लगबद्दल पण, तीन पिनमधली वरची जाड पिन लांब असते ती अशासाठी की लावताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जावं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावं. बऱ्याच सॉकेटमध्ये तीच पिन आत जाऊन खालच्या दोन भोकांची झडप उघडते. दोन पिनचा चार्जर घालायला वरच्या भोकात पेन खुपसतात ना, ते म्हणजे लहान मुलाचं बोट आत जाऊ नये म्हणून केलेली झडप हाताने उघडणं. मुलं बघून बघून तेच शिकतात.

पार्किंगमध्ये जाऊ. आधी दुचाकी, कारण रोज तीच. हेल्मेट विकत घेताना आपण बाहेरची टोपी ठोकून बघतो, पण डोकं वाचवतं ते आतलं थर्माकोल. ते एकदाच दबण्यासाठी असतं. आपटल्यावर ते चेपतं, चेपताना धक्का खातं, आणि परत फुगत नाही. त्यामुळे डोक्यात असताना एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून नुसता ओरखडा असला तरी संपलं, बदला. अस्तर निघत असेल तर काढून थर्माकोलवर बोट फिरवून बघा, खळगा किंवा भेग लागली तर विचारच नको. घेताना आयएसआय मार्क आणि त्याखाली आयएस ४१५१ हा नंबर बघा.

कारमध्ये सगळ्यात सोपं काम फ्यूजचं, आणि त्यासाठी लोक टोइंग बोलावतात. चार्जिंगचं सॉकेट मेलं, हॉर्न वाजत नाही, एका बाजूची काच खाली होत नाही, असं एकच काहीतरी बंद पडलं असेल तर आधी फ्यूज. स्टिअरिंगच्या खाली किंवा बॉनेटमध्ये काळा डबा असतो, झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा मॅन्युअलमध्ये कुठला फ्यूज कशाचा त्याचा नकाशा असतो, आणि बऱ्याचदा तिथेच एक प्लास्टिकचा चिमटा आणि एक-दोन जादा फ्यूज अडकवलेले असतात. गाडी बंद करा, चिमट्याने फ्यूज ओढा, उजेडात धरा. पारदर्शक प्लास्टिकमध्ये यू आकाराची पट्टी दिसते, ती मधे तुटलेली असेल तर गेला. रंग म्हणजे अँपिअर, लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. त्याच रंगाचा लावायचा. निळा नाही म्हणून हिरवा नाही, आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी तर अजिबात नाही, गाड्या पेटतात त्याने. नवा लावल्या लावल्या परत गेला तर कुठेतरी शॉर्ट आहे, तिथे थांबा आणि गॅरेजला न्या. आमच्या गाडीत चार्जिंग सॉकेटमध्ये टोलच्या सुट्ट्या पैशातलं नाणं पडलं होतं, दोन फ्यूज गेल्यावर दिसलं.

काचांचं एक पक्कं माहीत असू द्या. समोरची काच दोन थरांची, मधे पातळ फिल्म, ती फुटली तरी जागेवर चिकटून राहते, दगड किंवा माणूस आरपार जाऊ नये म्हणून. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन केलेल्या, फुटल्या की खडीसाखरेसारखे तुकडे होऊन पडतात. म्हणजे अडकलात तर समोरच्या काचेवर ताकद घालवायची नाही, बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात मारायचं. २६ जुलै २००५ ला मुंबईत पाण्यात बंद झालेल्या गाड्यांमध्ये माणसं गेली, त्यामुळे हे मी प्रत्येक ओळखीच्या गाडीवाल्याला सांगते. हेडरेस्टचे दांडे काच फोडायला दिलेत असा जो मेसेज फिरतो तो खरा नाही, हेडरेस्ट निघतं ते उंची बदलायला आणि कव्हर घालायला, अडचणीत वापरून बघा पण त्याच्या भरवशावर राहू नका. टोकदार छोटी हातोडी मिळते, ती डॅशबोर्डच्या खणात नको, बेल्ट लावलेला असताना हात पोचेल अशी ठेवा.

आणि आता तो वाद, "जुन्या गाड्यांचा पत्रा काय दणकट होता, आताच्या गाड्या बोट लावलं की चेपतात." माझे मामा हे दर दिवाळीला म्हणतात. बंपरवरचा पातळ पत्रा हा वेगळा विषय, पण गाडीचा पुढचा आणि मागचा सांगाडा चेपण्यासाठीच बनवलेला असतो आणि बसायची जागा न चेपण्यासाठी. बेला बारेनी या इंजिनिअरने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला याचं पेटंट घेतलं आणि १९५९ मध्ये मर्सिडीजने अशी गाडी बाजारात आणली. मामांना मी आकडे मांडून दाखवले. ताशी ५० किलोमीटरने भिंतीला धडकणं म्हणजे जवळपास १० मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडण्याएवढा वेग. गाडी अजिबात चेपली नाही, समजा १० सेंटिमीटरमध्येच थांबली, तर आतल्या माणसावर त्याच्या वजनाच्या साधारण १०० पट जोर येतो. पुढचा भाग चेपत चेपत ६० सेंटिमीटरमध्ये थांबली तर तोच जोर १६ पटीवर येतो. गाडी भंगारात जाते, माणूस घरी येतो.

म्हणूनच पुढे लोखंडी गार्ड बसवून घेऊ नका. तो गार्ड सरळ चॅसिसला बोल्ट केलेला असतो, चेपायच्या भागाला चेपूच देत नाही, एअरबॅगच्या सेन्सरला धक्का वेगळाच कळतो, आणि समोर पायी चालणारा असेल तर त्याला थेट लोखंडच लागतं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून हे गार्ड बेकायदेशीर असल्याचं कळवलं होतं, तरी ॲक्सेसरीच्या दुकानात ते अजून टांगलेले दिसतात. सीट बेल्टसुद्धा याच कुटुंबातला, मोठ्या धडकेत त्याची पट्टी ताणली जाते आणि आतलं यंत्र एकदाच काम करतं, म्हणून अपघातानंतर गाडी दुरुस्त करून घेताना "बेल्ट बदलले का?" हे स्वतः विचारा आणि बिलात तो पार्ट शोधा. बेल्टचा अलार्म बंद करायला मिळणारी नुसती क्लिप असेल तर आजच काढून टाका, एअरबॅग ही बेल्ट लावलेल्या माणसासाठीच बनवलेली असते.

हे सगळे छोटे पार्ट ऐनवेळी मिळत नाहीत, म्हणून आमच्याकडे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात एक कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह, एक गॅस्केट, मिक्सरचे दोन कपलर आणि गाडीचे पाच-सहा फ्यूज ठेवलेत, डब्यावर चिकटपट्टी लावून मॉडेल नंबर लिहिलेत. कपलर आणायला जाताना जुना तुटलेला सोबत न्या, नुसतं कंपनीचं नाव सांगून मिळतो तो दात मोजल्यावर वेगळाच निघतो.